शाळासमूहासाठी घेतलेली क्रोमबुक: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या शाळासमूहातील सहावी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रोमबुक (गुगलच्या क्रोम ओएस या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) द्यायचे ठरले, तेव्हा निवड समितीत शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. आठ महिने ही यंत्रे वर्गात रोज हाताळल्यानंतर लक्षात येते, की ज्या प्रोसेसरवरून आम्ही तीन बैठका वाद घातला त्याविषयी एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नाही. उलट बिजागरी, चार्जिंगचे पोर्ट आणि दुरुस्तीला लागणारा वेळ, ज्यांच्यावर समितीत कोणी धड दोन वाक्येही बोलले नव्हते, त्यांनीच आम्हाला सर्वाधिक कामाला लावले.

क्रोमबुकच का, हे आधी सांगते. लहान वर्गांसाठी टॅब्लेट उत्तम, कारण बोटाने चित्र काढणे आणि कॅमेरा वापरणे त्यावर सहज जमते. मात्र सहावीपासून लेखन वाढते, आणि टॅब्लेटला वेगळा कळफलक व मजबूत आवरण जोडले की त्याच्या किमतीचा फायदा जवळजवळ संपतो. विंडोजच्या लॅपटॉपची शिक्षकांना सवय होती, आणि देणगीत आलेले काही जुने लॅपटॉप हाताशीही होते. परंतु त्यांतले बरेचसे विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हते आणि विंडोज 10 ला मिळणारा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार असल्याने ते मुलांच्या हाती देणे योग्य वाटले नाही. क्रोमबुकच्या बाजूने खरा कौल दिला तो आमच्या तंत्रसाहाय्यकाने. शेकडो यंत्रांवर एकाच नियंत्रण कक्षातून धोरणे लागू करता येणे आणि बिघडलेल्या यंत्रातली सगळी माहिती काही मिनिटांत पुसून ते पुन्हा नोंदवता येणे, ही सोय दोन माणसांच्या विभागाला किती मोलाची असते, हे आता मलाही पटले आहे.

खरेदीच्या वेळी आम्ही एका चुकीतून थोडक्यात वाचलो. एक विक्रेता बराच स्वस्त दर देत होता, पण ते मॉडेल जुने होते. क्रोमबुकला स्वयंचलित अद्यतने कधीपर्यंत मिळणार, ही तारीख आपण यंत्र कधी विकत घेतले यावर ठरत नाही. त्या मॉडेलची मूळ हार्डवेअर रचना बाजारात कधी आली यावर ठरते. सप्टेंबर 2023 मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले, ही दिलाशाची गोष्ट खरी. तरीही, चार वर्षे गोदामात पडून राहिलेले यंत्र नवे कोरे दिसले, तरी त्याची चार वर्षे खर्ची पडलेलीच असतात. सेटिंग्जमध्ये क्रोम ओएसविषयीच्या माहितीत ही तारीख दिसते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा नमुन्याच्या यंत्रावर ती स्वतः पाहावी.

आता रोजच्या वापराविषयी. मुले यंत्र उचलतात ते पडद्याच्या कोपऱ्याला धरून. कितीही वेळा सांगितले तरी हात तिथेच जातो. तिसऱ्या महिन्यापासून डाव्या बिजागरीजवळचे प्लास्टिक तडकू लागले, आणि तडकलेली जवळजवळ सगळी यंत्रे अशीच उचलली जाणारी होती. पडदे फुटण्याचे कारण याहून साधे होते: कळफलकावर पेन्सिल राहून गेलेली असताना झाकण मिटणे. पडद्याच्या खालच्या कडेला कोळिष्टकासारख्या रेषा उमटल्या, की आम्ही आता पेन्सिल कुठे आहे एवढेच विचारतो. एका यंत्राचे चार्जिंग महिनाभर कधी चाले, कधी बंद पडे. पोर्टमध्ये भिंगाने पाहिले तेव्हा आत शिसपेन्सिलीचे मोडलेले टोक दाबून बसलेले आढळले. सुदैवाने आमच्या मॉडेलला दोन्ही बाजूंना यूएसबी-सी पोर्ट आहे, त्यामुळे यंत्र वापरात राहिले. एकच पोर्ट असलेले मॉडेल मी यापुढे सुचवणार नाही.

मेमरीबाबत मात्र आमची काटकसर अंगाशी आली. आठवीपर्यंत 4 जीबी आणि पुढे 8 जीबी अशी विभागणी आम्ही केली. 4 जीबीच्या यंत्रावर व्हिडिओ तासिका, लेखनाची फाइल आणि शब्दकोश एकाच वेळी उघडले, की मागची पाने पुन्हा पुन्हा नव्याने लोड होतात, आणि या प्रकारच्या यंत्रांत मेमरी बोर्डवरच डाख देऊन जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही. 1366 × 768 पिक्सेलचा पडदाही शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून वाचण्यास अपुरा पडतो, पण त्याची मुलांना लवकर सवय झाली.

बॅटरी शाळेचा दिवस निभावते. अडचण येते ती चार्जिंगच्या गाडीची, म्हणजे अनेक यंत्रे एकत्र ठेवून चार्ज करण्याच्या चाकांच्या कपाटाची. तीस यंत्रे आणि प्रत्येकी 45 वॅटचा चार्जर म्हणजे पूर्ण भार 1350 वॅट. एकाच सर्किटवर दोन गाड्या लावल्या तेव्हा रात्री ब्रेकर पडला आणि सकाळी साठ मुले रिकाम्या बॅटऱ्या घेऊन बसली. गटागटाने, आळीपाळीने वीज देणाऱ्या गाड्या मिळतात, हे आम्हाला नंतर कळले.

घरी इंटरनेट नसलेल्या मुलांचा प्रश्न यंत्रे घेऊन सुटत नाही. जोडणीविना फाइलवर काम करता येते, पण ती सोय शाळेतून निघण्यापूर्वी सुरू करून ठेवावी लागते. आम्ही ती धोरणातूनच सर्वांसाठी सुरू केली आणि गृहपाठ न होण्याच्या सबबी निम्म्यावर आल्या (उरलेल्या निम्म्यांना तंत्रज्ञानाचा इलाज नाही).

शंभर यंत्रांमागे पाच राखीव ठेवण्याचा आमचा हिशेब एरवी पुरला. परीक्षेच्या आठवड्यात तो कोसळला, कारण उत्पादकाकडे पाठवलेली यंत्रे तीन-तीन आठवडे परत येत नव्हती. त्यानंतर पडदे, कळफलक आणि बिजागऱ्या आम्ही सुटे भाग म्हणून मागवून येथेच बदलू लागलो. पुढच्या खरेदीसाठी मी समितीकडे एकच अट लेखी दिली आहे: प्रत्येक विक्रेत्याने दोन नमुने द्यावेत, आणि आमच्या तंत्रसाहाय्यकाने साध्या स्क्रू-ड्रायव्हरने त्यांतल्या एकाचा पडदा व बॅटरी समितीसमोर, घड्याळ लावून, बदलून दाखवावी.