डुकराच्या पिल्लांची हगवण : मादीला लस की पिल्लाला अँटिबायोटिक?

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात पावसाळ्यात कोबा दिवसेंदिवस सुकत नाही. अशा गोठ्यात मादी व्याली की दोन-तीन दिवसांत पिल्लांना पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते. बहुतेकदा कारण ई. कोलाय हा जंतू.

डुकराच्या वारेतून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं, गर्भाला मिळत नाहीत. पिल्लू जन्मतं ते जवळपास निःशस्त्र. त्याला ती मिळतात चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसातच. साधारण २४ ते ३६ तासांनी आतडं ती रक्तात घेणं थांबवतं. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. त्याच्या शेवटच्या आठवड्यांत मादीला लस दिली की चिकात नेमकी याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर उतरतात. जंतू ज्या तंतूंनी आतड्याला चिकटतो, त्यांनाच ती धरतात. पुढे दुधातली प्रतिपिंडं आतड्यात पहारा देत राहतात. मात्र अशक्त पिल्लू आचळापर्यंत पोचलंच नाही, तर लस फुकट. म्हणून विताना माणूस हजर हवाच.

अँटिबायोटिक जंतू मारतं, पण प्रतिकारशक्ती देत नाही. शिवाय पिल्लू आधी मरतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे, त्यामुळे क्षारपाणी पाजणं तितकंच तातडीचं. दर वेळी तेच औषध मारलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात.

माझं मत स्वच्छ आहे : खर्च मादीच्या लशीवर करा. आजारी पिल्लाला औषध जरूर द्या, पण पशुवैद्यकाला विचारूनच.