गोल सुई की लंबगोल?

रेकॉर्ड प्लेअरवर डीजेगिरी करताना स्क्रॅच करणाऱ्याने, म्हणजे तबकडी हाताने मागे-पुढे झटकून आवाज काढणाऱ्याने, गोल टोकाची सुई घ्यावी, गाण्याला गाणं जोडत रात्र काढणाऱ्याने लंबगोल.

गोल टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हात मागे-पुढे झटकला तरी ती तबकडीवरची खाच सहजी सोडत नाही. ऑर्टोफॉन कंपनीची कॉन्कॉर्ड स्क्रॅच ही सुई याच जातीची. ती तबकडीवर दाबायचं वजन 4 ग्रॅम. वजन अंदाजाने लावू नका, कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाकडे असतो तसला छोटा काटा घ्या. तोटा एवढाच, की खाचेतले बारीक वळसे हिला नीट धरता येत नाहीत. झांजेची धार जाते, लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात तर जास्तच.

लंबगोल टोकाची बाजूची त्रिज्या 8 मायक्रॉनच्या आसपास, म्हणून तपशील स्वच्छ येतो. ऑर्टोफॉनचीच कॉन्कॉर्ड क्लब या जातीची, ती 3 ग्रॅमवर चालते. पण हिच्याने स्क्रॅच केलंत तर खाच लवकर घासते. आजोबांच्या जुन्या तबकड्या (एलपी) वाजवायच्या असतील तर हीच घ्या, आणि त्यांच्यावर स्क्रॅच करू नका राव!

शुअर कंपनीची एम44-7 ही सुई मागणारे अजून भेटतात. कंपनीने 2018 मध्ये हे उत्पादनच थांबवलं. जुन्या नगामागे धावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कोल्हापुरातल्या मिरवणुकीच्या डॉल्बीसमोर मात्र दोघींचा निकाल लागतो. बेसचा हादरा टेबलातून सुईत शिरतो आणि नुसता घुमत राहतो. तिथे लॅपटॉपच बरा. राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या हॉलमध्ये वाजवणार असाल, तर प्लेअरखाली जाड रबर घाला आणि स्पीकर दुसऱ्या टेबलावर ठेवा.