आईला पोस्टाने कार्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी नागपुरात राहतो, आई आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी. रोज रात्री जेवणं झाली की फोन असतोच, त्यामुळे "कार्ड कशाला?" असं बायकोने विचारलं ते रास्तच होतं. सुरुवात मे २०२५ च्या मदर्स डेला झाली, तेव्हापासून या संक्रांतीपर्यंत नऊ कार्डं गेली. दोन विकतची, सात घरी केलेली. त्यातलं एक परत आलं, एक नॉटपेड झालं, म्हणजे तिकीट कमी पडलं, आणि पहिल्याने तर आईला चांगलंच घाबरवलं.

ते पहिलं कार्ड बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून घेतलं होतं. दीडशे रुपये, गुलाबी, चमकी लावलेलं, आत इंग्रजीत आठ ओळी. त्या ओळींनी सगळी जागा खाल्ल्यामुळे मी खाली "आईस, तुझा बाळू" एवढंच लिहू शकलो. पोस्टमन दारात दिसल्याबरोबर आईचा फोन: "काऊन रे, सगळं बरं हाय ना? चिठ्ठी काऊन धाडली?" तिच्या हिशेबात अचानक आलेलं पाकीट म्हणजे कोणीतरी गेलं. तारेच्या काळातली बाई आहे ती. २०१३ साली तार बंद झाली, पण तिची धास्ती अजून गेलेली नाही. आतल्या ओळी तिने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतल्या. "आई चांगली असते, असं काहीतरी हाय" हा त्या पोरीने सांगितलेला सारांश.

दुसरं जूनमध्ये, आईच्या वाढदिवसाला. एका वेबसाइटवर फोटो चढवला, मजकूर टाइप केला, पैसे भरले, कार्ड थेट गावी. छपाई उत्तम होती, नाही म्हणणार नाही. पण वाढदिवस होऊन तिसऱ्या दिवशी पोचलं, आणि कागद असा गुळगुळीत की ट्यूबलाइटखाली धरला की नुसती चकाकी. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत. म्हणाली, "हे वाचू का याच्यात तोंड पाहू?"

म्हणून घरी करायला घेतलं. चित्रकलेत मी शाळेत जेमतेम पास व्हायचो, हे आधीच सांगून ठेवतो.

कागदात माझे सगळ्यात जास्त पैसे वाया गेले, म्हणून जरा सविस्तर. आधी हँडमेड पेपर आणला, कारण दिसतो झकास. त्यावर शाई फुटते. 'ळ' काढला की त्याचं जिलबीसारखं काहीतरी होतं. मग चकचकीत आर्ट कार्ड आणलं, त्यावर पेन घसरतं आणि लिहिलेलं हाताला लागतं. शेवटी इतवारीतल्या कागदवाल्याने ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) साधं, चमक नसलेलं पांढरं कार्ड दिलं, तेच आजवर चालू आहे. ए४ चे दोन तुकडे करायचे, प्रत्येकाची मधोमध घडी घालायची. पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं कार्ड तयार होतं. एका ए४ मध्ये दोन कार्डं, म्हणजे पाकीट धरून एकाचा खर्च दहा-बारा रुपये.

घडीची गोम मला तिसऱ्या कार्डाला कळली. कागद एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो, कारण कारखान्यात त्याचे तंतू एकाच दिशेने बसलेले असतात. अडतो त्या बाजूने घडी घातली की कडेला भेगा पडतात आणि आतलं खरबरीत दिसायला लागतं. कापायच्या आधी कागद हातात घेऊन दोन्हीकडून हलकेच वाकवून पाहा. घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढली की घडी अगदी सरळ येते. त्यासाठी मिळणारं खास हत्यारही मी घेतलं होतं. ते आता पोरगी मातीकामाला वापरते.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना: कूलर बंद करून काम करा. मी जूनच्या अखेरीस सराव करत होतो, पाऊस लांबलेला, कूलर पूर्ण वेगात. दमट हवेने कागद रात्रभरात पापडासारखा वळला आणि चिकटवलेला कोपरा सकाळी उभा. पंखाही नको, तुकडे उडतात. म्हणजे घामाघूम होऊनच करायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हे करायचं असेल तर पहाटे पाचला उठा, नाहीतर सरळ बर्डीवर जा.

चित्र म्हणजे भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतंच मिळतं. पोस्टर कलर अगदी कमी घ्या, आधी रद्दीवर एक ठसा मारा, मग कार्डावर. आपण नागपूरचे म्हणून संत्र्याच्या अर्ध्या फोडीचाही प्रयोग केला. रसाने कागद ओला झाला, वास मात्र दोन दिवस होता. पेन जाड टोकाचं, काळं, पाण्याने न पसरणारं. अक्षर एवढं मोठं की चष्म्याशिवाय दिसावं. एका पानावर माझ्या नऊ-दहा ओळी बसतात.

आता पोस्ट. इथल्या चुका सगळ्या माझ्या आहेत.

जुलैचं, म्हणजे पहिलं घरचं कार्ड सतरा दिवसांनी माझ्याकडेच परत आलं. मी गाव आणि तालुका लिहून आर्वीचा पिन कोड ठोकून दिला होता. आमच्या गावाचं पोस्ट शेजारच्या गावात आहे, आणि आमच्याच नावाचं आणखी एक गाव पलीकडच्या तालुक्यात. 'मु. पो.' हे आपण एका दमात लिहितो, पण मुक्काम आणि पोस्ट वेगवेगळे असतील तर दोन्ही वेगळे लिहावे लागतात, हे चाळीस वर्षं त्या गावचा असून मला ठाऊक नव्हतं. पिन कोडाचे शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे असतात, तेच माझे चुकलेले. ४४२ पर्यंत बरोबर होतो. १९७२ च्या १५ ऑगस्टला हा पिन कोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. माणूस पोस्टखात्यातला आणि संस्कृतचा कवी. इतकी सोय करून ठेवलेली असताना आपण आर्वीवर भागवतो.

सप्टेंबरचं नॉटपेड झालं. महालक्ष्म्यांसाठी म्हणून आईच्याच जुन्या लुगड्याचा काठ कार्डावर चिकटवला, आत आणखी एक जाड पान घातलं. देखणं झालं होतं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागतं, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच. माझं भरलं असेल २७, तिकीट लावलं पाचाचं. कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते, म्हणून आईने पोस्टमनला दहा रुपये दिले. "पोराची चिठ्ठी पैसे देऊन सोडवा लागली" हे ती पुढे आठ दिवस गावभर सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांच्या मते ती खुशीत होती. तेव्हापासून स्वयंपाकघरातला काटा वापरतो. साधं कार्ड नऊ-साडेनऊ ग्रॅम, पाकीट चार. लुगड्याला जागा उरत नाही.

पाकिटं लग्नपत्रिकेच्या दुकानातली घेऊ नका. त्यांच्या रेशमी कागदावर तिकीट धड चिकटत नाही. साधं पांढरं किंवा खाकी पाकीट घ्या, तिकिटाला पोस्टातला डिंक लावा. पत्ता बॉलपेनने लिहा, पावसात जेल पेनचा पत्ता वाहून जातो.

वेळेचं म्हणाल तर साध्या टपालाने माझी कार्डं तीन ते सहा दिवसांत पोचली. दिवाळीचं तेवढं स्पीड पोस्टने केलं, दुसऱ्या दिवशी आईच्या हातात. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, आणि ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंत बाहेरगावी ४७ रुपये अधिक जीएसटी. बारा रुपयांच्या कार्डाला पंचावन्न रुपयांचं भाडं. सणाला ठीक आहे, दर महिन्याला नको.

'माय स्टॅम्प'चाही नाद करून झाला. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, फोटो आणि ओळखपत्र देऊन आईच्या फोटोची तिकिटं करून घेतली, बारा तिकिटांचा ताव ३०० रुपयांना. नोव्हेंबरच्या कार्डावर मोठ्या हौसेने लावलं. पोस्टात तिकिटावर ठसा उमटणारच, आणि तो नेमका तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उमटला. "माह्या तोंडाले काळं फासलं!" बाकीची अकरा तिकिटं देव्हाऱ्याच्या खणात सुखरूप आहेत. ती वापरायची तिने मनाई केली आहे.

सगळ्यात जमलेलं कार्ड विचाराल तर ऑगस्टचं. मदर्स डे मे महिन्यातला दुसरा रविवार, तो अमेरिकेतून आलेला. आपला मातृदिन पिठोरी अमावास्येचा, म्हणजे आपल्याकडे पोळ्याचाच दिवस. मागच्या वर्षी तो २२ ऑगस्टला होता. आमच्या घरी आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून, मागे न पाहता विचारायची, "अतिथी कोण?" आणि आम्ही भावंडं पाठीमागून ओरडायचो, "मी!" कार्डावर बाहेर तेवढाच प्रश्न लिहिला, आत एका कोपऱ्यात "मी, बाळू". बैल काढायला गेलो तो कुत्र्यासारखा झाला म्हणून त्याला झूल घातली. या कार्डाबद्दल आई फोनवर काहीच बोलली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बहीण गावी गेली होती. तिने सांगितलं, कार्ड वाणाच्या ताटाखाली ठेवलेलं होतं.

डिसेंबरपासून एक बदल केला, तो मेमध्येच सुचायला हवा होता. कार्डासोबत पन्नास पैशांचं एक कोरं पोस्टकार्ड घालतो, त्यावर माझा पत्ता आधीच लिहिलेला. वजन सोळा-सतरा ग्रॅमच्या वर जात नाही. आई सातवी शिकलेली. फोनवर तिचे प्रश्न तीनच: जेवला का, थंडी हाय का, पोरगी काय करते. पोस्टकार्डावर मात्र दुसरीच बाई निघाली. पहिल्यात लिहिलं होतं, "चष्मा बदलला लिहिलं, नंबर किती आला ते नाही लिहिलं." पुढे परसातल्या वांग्याला फुलं किती, कापसाचा भाव काय, आणि शेवटी, माझ्या बाबांनी १९८१ साली आर्वीच्या बाजारातून तिला पत्र टाकलं होतं ते अजून आहे, अशी एक ओळ. या पत्राबद्दल आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. फोनवर विचारलं तर म्हणाली, "ठेव आता, बिल वाढते."

तेव्हा घ्यावं का? आई वाचणारी असेल आणि तुमच्याकडे महिन्यातून दोन तास असतील तर जरूर. नुसतं मदर्स डेपुरतं करायचं असेल तर एवढा कागद आणू नका. रोजच्या फोनची जागा हे घेत नाही. आणि आईला आधी फोन करून सांगा की पाकीट येतंय, सगळं ठीक आहे.

संक्रांतीच्या कार्डाचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. तिळगुळाचा उल्लेख नाही. "फूल लहान काढत जाय, तेवढ्या जागेत चार ओळी होते." भेंडीऐवजी आता गवारीच्या शेंगेचा ठसा मारतो, तो नखाएवढाच येतो. फेब्रुवारीचं कार्ड परवा पेटीत टाकलं. काट्यावर सतरा ग्रॅम.