कोकणातले घरगुती निवास की देशावरचे कृषी पर्यटन केंद्र?

आई-वडील आणि दोन लहान मुलांना घेऊन दोन रात्री कुठे जावे, असे धाकट्या बहिणीने विचारले. गुहागरकडचे घरगुती निवास आणि जुन्नरकडचे कृषी पर्यटन केंद्र यांत तिचे अडले होते. दोन्हीकडे मी राहिलो आहे.

खरा फरक जेवणात आहे. गुहागरला सकाळी घावन बिडाच्या तव्यावरून थेट ताटात आले, कडेला जाळीदार, सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. वाटी रिकामी होण्याआधी यजमान काकू पुन्हा वाढायला उभ्या होत्या. मात्र उकडीचे मोदक किंवा मासे हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि अनेक घरांत मांसाहार शिजतच नाही. केंद्रावर पंगत मोठी, त्यामुळे आग्रह कमी. पण हिवाळ्यात आगटीवर भाजलेल्या ज्वारीच्या हुरड्याला तोड नाही.

खर्चाचे म्हणाल, तर घरगुती निवासात बहुधा खोलीचे भाडे वेगळे आणि जेवण ताटागणिक असते. केंद्रावर बहुधा माणशी एकच दर असतो, त्यात शिवारफेरी आणि बैलगाडीही येते. म्हणून कमी जेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो महाग पडतो.

निवांतपणा घरगुती निवासात अधिक, कारण केंद्रावर शनिवार-रविवारी सहलींचा गलबला असतो. कमोड खोलीला लागून आहे का, हे मात्र दोन्हीकडे आधी विचारावे.

मुलांना माती, गुरे आणि मोकळे शिवार दाखवायचे असेल, तर जुन्नर. आई-वडिलांना स्वस्थ बसून चवीचे जेवायचे असेल, तर गुहागर. बहिणीला मी गुहागरच सुचवले.