आधी दरी, मग लेणी : अजिंठ्याच्या एका दिवसाच्या सहलीचा आराखडा आठ महिने वापरल्यानंतर

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांत अजिंठ्याची सहल सहसा आखली जात नाही. पाहुणे आले की गाडी काढायची आणि सुमारे शंभर किलोमीटर जाऊन यायचे, एवढेच तिचे नियोजन असते. गेल्या जुलैपर्यंत मीही तसेच करत आले. त्या महिन्यातील एक रविवार वाया गेल्यानंतर मी वहीच्या एका पानावर वेळांसह आराखडा लिहिला आणि फेब्रुवारीपर्यंत वेगवेगळ्या सोबत्यांसह पाच वेळा वापरला. पुढे लिहिले आहे ते या आराखड्याविषयी. लेण्यांतील चित्रांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते वाघूर नदीच्या दरीविषयी, कारण तिच्याकडे नीट पाहिल्यावरच मला लेणी समजू लागली.

तो रविवार कसा गेला ते आधी सांगते. भाड्याची गाडी सकाळी सातऐवजी नऊ वाजता आली. फुलंब्री आणि सिल्लोड मागे टाकून फर्दापूरच्या टी-पॉइंटला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. खासगी वाहने तिथेच थांबवतात आणि लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते, हे ठाऊक असूनही त्या बसच्या रांगेचा वेळ आम्ही हिशेबात धरला नव्हता. पहिल्या लेण्यापासून सतराव्यापर्यंत गर्दीबरोबर सरकत गेलो आणि तेवढ्यातच परतीची वेळ झाली. सातकुंडाचा आवाज दिवसभर कानावर पडत होता, पण धबधबा दिसलाच नाही. घरी येताना धाकट्या मुलीने विचारले, "आई, नदी कुठे होती?" ज्या नदीने ती दरी कोरली, ती नदीच आम्ही मुलांना दाखवली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले आणि त्याच रात्री मी वही उघडली.

आराखड्याचा गाभा असा, की लेण्यांत शिरण्यापूर्वी दरी वरून पाहायची. अजिंठा गाव ओलांडल्यावर, घाट उतरण्याआधी, डावीकडे व्ह्यू पॉइंटचा रस्ता फुटतो. तिथून वाघूरचे वळण समोर येते. घोड्याच्या नालेच्या आकाराचा सुमारे 76 मीटर उंचीचा काळा कडा, त्याच्या मध्यावर ओळीने कोरलेली तीस लेणी आणि तळाशी नदी, असे सगळे एका नजरेत मावते. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, तीही दरीच्या पलीकडूनच, असे सांगतात. लेण्यांसमोरच्या वाटेवर उभे राहिलो की पुढचे एकदोन दरवाजे दिसतात. सगळ्या लेण्यांचा मिळून एक आकार आहे, हे मात्र वरूनच कळते.

व्ह्यू पॉइंटहून पायऱ्यांची वाट खाली उतरते आणि पादचारी पुलावरून नदी ओलांडून लेण्यांकडे जाते. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी या वाटेने उतरावे आणि गाडी चालवणाऱ्याने ज्येष्ठांना घेऊन घाटाने टी-पॉइंटला जावे, अशी विभागणी मी केली. माझे दीर, म्हणजे भाऊजी, पाचपैकी चार वेळा गाडीवर होते आणि चारही वेळा आमची गाठ ठरल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे पडली. दरीत फोनची रेंज भरवशाची नाही. म्हणून गाठ पडण्याची जागा आणि वेळ वरच तोंडी ठरवून घ्यावी, आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढून त्याचे चित्र फोनमध्ये ठेवावे.

ऑगस्टमधला बुधवार मला सर्वाधिक लक्षात राहिला आहे. पहाटे सहाला निघालो, सिल्लोडला पोहे आणि चहा घेतला आणि साडेआठच्या सुमारास वर पोहोचलो, तर समोर पांढऱ्या ढगाशिवाय काहीच नव्हते. पाण्याचा आवाज मात्र इतका जवळून येत होता, की धबधबा हातभर अंतरावर असावा असे वाटे. आम्ही कठड्याशी बसून धपाटे आणि दही खाल्ले. आराखड्यात इथे तासभर राखून ठेवला होता म्हणूनच थांबता आले, नाहीतर मी सगळ्यांना उठवून खाली नेले असते. पाऊण तासाने ढग तळातून वर सरकू लागला. आधी नदीचा गढूळ पट्टा दिसला, मग ओल्या कड्यावरची एक कमान, मग तिच्या शेजारची दुसरी, आणि शेवटी डाव्या टोकाला एकाखाली एक उड्या घेत कुंडात कोसळणारे पाणी. जेमतेम दहा मिनिटे ते दृश्य राहिले असेल. माझी मोठी मुलगी लेण्यांवर बोट फिरवत मोजत होती आणि तिची मोजणी अठ्ठाविसावर आली असताना पुन्हा ढग आला.

त्या दिवशी तिला मी पाण्याची दिशाही सांगितली. आम्हा मराठवाड्यातील माणसांना नदी म्हटले की गोदावरी आठवते आणि सिल्लोडच्या बाजूचे पाणी पूर्णेतून तिलाच मिळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे उतरणारी वाघूर मात्र उत्तरेला वळून तापीला जाते. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून ही गोष्ट मुलांना सांगितली, तर भूगोलाच्या पुस्तकातील जलविभाजक हा शब्द त्यांच्या पायाखाली येतो. कड्यावर जे आडवे थर दिसतात ते कोट्यवधी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे आहेत, हेही वरूनच नीट दाखवता येते.

खाली उतरल्यावरचा क्रम हा या आराखड्यातील दुसरा भाग आणि तो माझ्या मते पहिल्याइतकाच उपयोगी ठरला. बसने येणारे सगळे पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात, त्यामुळे अकरापर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यासमोर चपला काढून उभ्या असलेल्या माणसांची रांग लागलेली असते. आम्ही पुलावरून आल्यावर उलट दिशेने, थेट सव्विसाव्या लेण्याकडे जातो. तिथे सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती शांतपणे पाहता येते, सकाळचे ऊनही त्या बाजूला असते आणि सातकुंड जवळच असते. मग एकोणीस, सतरा, सोळा, दहा, नऊ असे मागे येत, लोक जेवायला पांगल्यावर, दोन आणि एक या लेण्यांत जायचे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर दोन मिनिटे कोणी न ढकलता उभे राहायला मिळावे, यासाठी एवढा उलटा फेरा घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. पूर्वी लेण्यांपासून नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत होत्या आणि आता त्या जवळजवळ नामशेष झाल्या आहेत. खालून आल्यावर ही गोष्ट मनाला जास्त भिडते, कारण पाणी भरून वर चढणाऱ्या भिक्षूंच्या दमाचा थोडा अंदाज आपल्या पायांनाही आलेला असतो.

सप्टेंबरमध्ये सासूबाई आणि माझी आत्या बरोबर होत्या, दोघीही सत्तरी ओलांडलेल्या. आराखड्याची खरी परीक्षा त्या दिवशी झाली. वरून दरी पाहण्यात त्यांना काहीच अडचण आली नाही, उलट गाडीतून उतरून थोडे चालले की एवढे दिसते याचे आत्याला फार अप्रूप वाटले. खाली सासूबाईंसाठी डोली केली. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले असतात आणि चौघे जण ती खांद्यावर घेतात. पुढच्या उजव्या माणसाने खांद्यावर टॉवेलची चौपदरी घडी ठेवली, पायरी आली की तो हलकेच "आलं" म्हणायचा आणि मागचे दोघे त्या शब्दावर बांबू उंच धरायचे, त्यामुळे खुर्ची तिरपी होत नसे. सासूबाई ते पाहत होत्या. सतराव्या लेण्यापाशी त्या म्हणाल्या, "आता मला उतरू दे बाई, या लेकरांच्या खांद्याला जरा आराम पडू दे." पुढचा टप्पा त्या माझा हात धरून चालल्या. डोलीचे पैसे, फेरी किती लेण्यांची आणि थांबायचे किती, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. म्हणजे दोन्ही बाजूंना संकोच राहत नाही.

दिवाळीच्या सुटीत लातूरहून पाहुणे आले आणि त्यांच्या आग्रहास्तव मी आराखडा मोडला. परत येताना वेरूळही करू, असे ठरले. परिणाम असा झाला, की अजिंठ्यात सतत घड्याळ पाहिले आणि वेरूळला पोहोचेपर्यंत दार बंद झालेले होते. दोन्ही ठिकाणे एका दिवसात करावीत असे सुचवणाऱ्यांचा मला आता राग येतो. सुटीचे वारही दोन्हीकडे निराळे आहेत, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. वार ठरवण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

डिसेंबरमध्ये भाचा आणि मी एसटीने गेलो. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी सकाळची गाडी घेतली आणि टी-पॉइंटला उतरलो. खर्च फारच कमी आला, परंतु व्ह्यू पॉइंटचा रस्ता घाटाच्या वरच राहत असल्याने क्रम बदलावा लागला. आधी बसने लेण्यांपर्यंत, मग पुलावरून पलीकडची चढण चढून दरी पाहिली आणि पुन्हा खाली उतरलो. तरुण माणसाला ते जमते. मला चढताना चार वेळा बसावे लागले, तरीही माथ्यावर पोहोचल्यावर हिवाळ्यातील स्वच्छ हवेत कड्याचे थर मोजता येतील इतके स्पष्ट दिसले. एसटीने जाणाऱ्यांनी ही चढण सकाळीच करावी, दुपारवर टाकू नये.

फेब्रुवारीत नदी जवळजवळ आटली होती. सातकुंडात थोडे हिरवे पाणी होते, धबधब्याच्या जागी ओघळाचे काळे डाग. पावसाळ्यात पाहिलेल्यांना हे उदास वाटेल, पण पाण्याने खडक कसा गुळगुळीत केला आहे आणि कुंडे एकाखाली एक कशी पडली आहेत, हे मला याच वेळी पाहता आले. एप्रिल-मेमध्ये मी हा आराखडा वापरलेला नाही आणि मुलांना किंवा ज्येष्ठांना घेऊन वापरणारही नाही, कारण दुपारी तो काळा दगड भट्टीसारखा तापतो.

आठ महिन्यांत वहीच्या त्या पानावर काही दुरुस्त्या झाल्या. व्ह्यू पॉइंटवरचा अर्धा तास एक तास झाला. लेसचे बूट बाद झाले, कारण चित्रांच्या लेण्यांबाहेर पादत्राणे काढावी लागतात आणि दर वेळी नाड्या सोडण्यात पाठ दुखते. त्याऐवजी पायऱ्यांवर न घसरणाऱ्या, मागे पट्टा असलेल्या चपला आणि पिशवीत जाड मोजे. डबा आता व्ह्यू पॉइंटवर उघडत नाही, गाडीतच खातो, कारण ऑक्टोबरमध्ये वानराने आत्याच्या हातातील भाकरीसह आख्खी पिशवी ओढून नेली. मुसळधार पावसाच्या दिवशी पायऱ्यांची वाट सोडून द्यायची आणि सगळ्यांनी गाडीनेच खाली जायचे, हे मी ठळक अक्षरांत लिहिले आहे. शेवाळलेल्या पायरीवर भाचा एकदा चांगलाच घसरला होता आणि हाताशी कठडा होता म्हणून निभावले.

परतीची वेळ ही एकच गोष्ट मी कधी बदलली नाही. साडेतीनला लेण्यांकडून बस, चारला टी-पॉइंटहून गाडी, हे आधी लिहायचे आणि बाकीचा दिवस तिथून मागे मोजत यायचे. मका आणि कापूस भरलेल्या ट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्यांशिवाय रस्त्यावर असतात, आणि चौक्याचा घाट उजेडात ओलांडलेला बरा.

पुढच्या जुलैसाठी वहीत नवे पान घेतले आहे. धाकटीला या वेळी वरून नदी दाखवायची आहे; ऑगस्टच्या त्या बुधवारी ती तापाने घरीच होती आणि नंतरच्या फेऱ्यांत तिच्या शाळेच्या परीक्षा आड आल्या. वार मंगळवार धरला आहे आणि वरचा वेळ दीड तास.