हात झटकतो: मायोक्लोनिक एपिलेप्सी की सिडनहॅम कोरिया?

पहिला फिटचा (अपस्माराचा) प्रकार, दुसरा घशाच्या संसर्गानंतर येणारा नकळत हालचालींचा आजार. दोन्हींत पोरीच्या हातून चहाचा कप सुटतो. घरचे रागावतात, नाहीतर भगताकडे नेतात. आधी झटक्याची वेळ बघा.

सकाळी उठल्यावर तासाभरात खांदे-हात विजेसारखे उडतात, शुद्ध असते, मग दिवसभर ठीक: जुवेनाइल (किशोरवयातल्या) मायोक्लोनिक एपिलेप्सीचा संशय घ्या. वय साधारण १२ ते १८. रात्री ओलिताला जागलं की सकाळी झटके वाढतात. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) लागतो. कार्बामाझेपिन या फिटच्या औषधाने हे झटके उलट वाढू शकतात, म्हणून डॉक्टरांना नुसतं 'फिट येते' न सांगता सकाळचा मोबाइल व्हिडिओ दाखवा.

सिडनहॅम कोरियाची हालचाल दिवसभर, नाचरी, झोपेत थांबते. वय ५ ते १५, मुलींत जास्त. घशाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उमटते. अक्षर बिघडतं. तुमची दोन बोटं घट्ट धरायला सांगा: पकड गाईचं दूध काढल्यासारखी आवळते, सुटते. बाहेर काढलेली जीभ झटकन आत पळते.

ही हालचाल बहुधा काही महिन्यांत थांबते आणि घरचे इथंच फसतात. हा कोरिया संधिवाताच्या तापाचाच (रुमॅटिक फीव्हर) भाग आहे आणि त्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली असू शकते. इको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर ३-४ आठवड्यांनी, कित्येक वर्षं. कापूस वेचणीच्या धांदलीतही चुकवू नका.