दिरहमचा टंच आणि हातात धरायची एक्सआरएफ गन

उमय्यद दिरहम (सुरुवातीच्या इस्लामी उमय्यद खलिफांची चांदीची नाणी) तपासायला एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरण टाकून धातूंचं प्रमाण सांगणारं यंत्र, घ्यावी का? बनावट नाणी वेगळी काढायची असतील तर जरूर घ्यावी. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, ठरवायचा असेल तर मात्र एकट्या तिच्या आकड्यावर विसंबू नये.

खलिफा अब्द अल-मलिकने नाण्यांत केलेल्या सुधारणेनंतर, हिजरी ७९ (इ.स. ६९८) पासून सर्रास पाडलेले दिरहम साधारण २.९ ग्रॅमचे, पातळ, आणि चांदी बहुधा ९५ टक्क्यांच्या वर. हीण (चांदीत मिसळलेला तांब्यासारखा हलका धातू) इतकं कमी असताना दोन टक्क्यांची चूकही निष्कर्ष फिरवते, आणि चूक होते ती वरच्या थरामुळे. जमिनीत पडून राहिलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं आधी विरघळून जातं. क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतो, त्यांना रेषा म्हणतात. तांब्याची रेषा (८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) जेमतेम दहा-पंधरा मायक्रोमीटर खोलीतून बाहेर येते, म्हणजे यंत्र नेमका तोच धुतला गेलेला थर वाचतं. टंच चढा दिसतो. उत्तरकालीन हीणकस दिरहमांत तर फारच चढा.

यंत्रातला ‘दागिने’ मोड टाळाच. तो ठरावीक धातूंची बेरीज १०० करून देतो. शिसं यादीत नसेल तर त्याचा वाटा चांदी-तांब्यात जातो. चांदी-तांब्याच्या प्रमाणित नमुन्यांवर यंत्राचं कॅलिब्रेशन करून (आकडे जुळवून) घ्या, ३ मिमीचा झोत ठेवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा, प्रत्येकी ६० सेकंद. क्लोरीन दिसलं तर तिथे क्लोराइडचा थर आहे. ती जागा सोडा. क्ष-किरण असल्याने नाणं बोटांत धरू नका, झाकणाचा स्टँड वापरा.

गनची खरी किंमत वसूल होते ती सोनं-शिशात. जुनी चांदी शिशासोबत वितळवून शुद्ध करत. त्यात थोडं शिसं मागे राहतं, सोनं तर निघतच नाही. ९९.९ टक्के चांदी आणि दोन्ही शून्य असतील तर धातू आजचा असल्याचा दाट संशय घ्यावा. एक सांभाळा: शिशाची १०.५५ची रेषा आर्सेनिकच्या १०.५४वर बसते, यंत्राने ‘आर्सेनिक’ दाखवलं तर १२.६ला शिशाची दुसरी रेषा पाहा.

विशिष्ट गुरुत्व (नाणं हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढणं) हा स्वस्त पर्याय इथे लंगडा पडतो. २.९ ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या नाण्याने बाजूला सारलेलं पाणी ०.२७६ ग्रॅम, १० टक्के तांबं असेल तर सुमारे ०.२८१. सेंटिग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्याला हा फरक कळणारच नाही. एक बुडबुडाही हिशेब बिघडवतो. टंच नक्की हवा असेल तर लेझर-आयसीपी-एमएस (लेझरने उडवलेल्या कणांतली मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) करणारी प्रयोगशाळा गाठावी. त्यात लेझर धुतलेला थर भेदून आतला धातू मोजतो, आणि नाण्यावर राहतं ते केसाच्या जाडीएवढं भोक.